ती परत का फिरते?

११ जानेवारी

आजपासून रोजनिशी. वेगळं कारण नाही. काम मोठं आहे, आणि कामाची नोंद ठेवलेली बरी. लिफ्ट इन्स्पेक्टरच्या नोकरीत असताना प्रत्येक लिफ्टची ठेवत होतो.

काम असं. लहान मुलांची एक जुनी, गाजलेली कादंबरी आहे. एक मुलगी गाढवाची गाडी घेऊन, घर सोडून गेलेल्या मोठ्या भावाला शोधायला निघते. त्या कादंबरीवर चार चित्रपट निघाले. कादंबरी आणि चारही चित्रपट मिळून हिने, माझ्या बायकोने, एक मोठा अभ्यासग्रंथ लिहायला घेतला होता. नोकरी संपल्यापासून तेच चाललं होतं. दहापैकी नऊ प्रकरणं झाली. नववं म्हणजे जवळजवळ. मग ऑक्टोबरात ही गेली.

आज प्रकाशनाच्या संपादकांचा फोन. सभ्य माणूस. आधी माझी झोप विचारली, जेवणखाण विचारलं, मग म्हणाले, पुस्तक यंदाच काढायचं आहे, पण शेवटाशिवाय काढता येत नाही. बाईंची ती विद्यार्थिनी आहे ना, तिच्याकडून लिहून घेऊ. बाईंच्या नावाखाली तिचं नाव घालू.

मी नाही म्हणालो. विचार न करता म्हणालो, आणि नंतर विचार केला तरी नाहीच. मुखपृष्ठावर नाव एकच राहील, हिचं. लिफ्टच्या सर्टिफिकेटवर सही एकाचीच असते. दोन सह्या दिसल्या की समजावं, आत शिरून कुणीच बघितलेलं नाही.

मग दहावं कोण लिहिणार, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, मी. माझं नाव घालू नका म्हणजे झालं.

बराच वेळ पलीकडून आवाज आला नाही. लाईन खराब असावी. एप्रिलअखेरपर्यंत मुदत दिली आहे. फेब्रुवारीत संपवीन.

१२ जानेवारी

लेकीला फोनवर सांगितलं. म्हणाली, बाबा, तुम्ही ती कादंबरी वाचली आहे का? म्हटलं, घरात इतकी वर्षं तिच्याबद्दलच बोलणं चालू होतं. म्हणाली, ते तुम्ही पेपर वाचता वाचता हूं हूं करत होता. म्हटलं, हूं करणारा माणूस ऐकत असतो. म्हणाली, बरं, आणि सूप नुसतं गरम करून ठेवू नका, प्या.

आईवर गेली आहे.

१४ जानेवारी

साहित्य तपासलं. दहाव्या प्रकरणाची फाईल पातळ आहे. वर शीर्षक: ‘ती परत का फिरते?’ आत तीन कार्डं. पहिल्यावर ‘दमली म्हणून नव्हे’. दुसऱ्यावर ‘भिऊन नव्हे’. तिसऱ्यावर ‘मग?’

ही बोलतानाही असंच करायची. पण एका दृष्टीने सोय झाली. दोन कारणं हिने बाद केलीच आहेत. उरलेलं एक शोधायचं, की प्रकरण तयार.

हिच्या टेबलावर बसायचं नाही असं ठरवलं. कागद विस्कटतील. शिवाय ती खुर्ची बुटकी आहे, माझ्या पाठीला चालणार नाही. कधी बसून बघितलेलं नाही, पण बघून कळतं. जेवणाचं टेबल उत्तम.

१६ जानेवारी

कादंबरी वाचायला घेतली. हिची प्रत. समासात पेन्सिलीने बारीक अक्षर, पहिल्या पानापासून. पहिल्याच ओळीशेजारी लिहिलंय, ‘हं!’ कशाबद्दल हं ते लिहिलेलं नाही.

मिटून ठेवली. पेन्सिल फिकट झाली आहे, डोळ्यांवर ताण येतो. चष्म्याचा नंबर वाढला असणार.

१९ जानेवारी

चष्मेवाल्याकडे गेलो. म्हणाला, काका, नंबर तोच आहे. त्याचं यंत्र जुनं वाटलं.

पद्धत बदलली आहे. आधी चित्रपट. कादंबरी जाडजूड आणि अक्षर बारीक. चित्रपट दुपारच्या चहाआधी संपतो. शिवाय तीच गोष्ट चारदा बघितल्यावर वाचायचं उरतं काय? इतका साधा विचार अभ्यासकांना कसा सुचत नाही, याचं नवल वाटतं.

२३ जानेवारी, दुपार

चित्रपट पहिला. मूक, काळापांढरा. लॅपटॉपवर तबकडी कशी लावायची ते लेकीने फोनवरून सांगितलं. दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा जावयाने सांगितलं.

तेवढ्यात शेजारचे वकील आले. निवृत्त आहेत, जिना चढून कंटाळले की कुणाच्याही घरी बसतात. काय चाललंय म्हणाले. संशोधन म्हटलं. म्हणाले, मग मीही करतो, घरी पडदे धुणं चालू आहे. चित्रपटभर मोठ्याने बोलत होते. जरा हळू म्हटलं, तर म्हणाले, मूक आहे ना, मग ऐकू न येण्यासारखं काय आहे?

शेवटी भाऊ सापडतो. पडद्यावर पाटी येते, ‘दादा!’ वकिलांनी टाळ्या वाजवल्या. जाताना म्हणाले, इन्स्पेक्टरसाहेब, गाढवाचं चालणं बघितलं ना? आपल्या लिफ्टपेक्षा बरं. आपली दुसऱ्या मजल्यावर येऊन विचार करत बसते.

मी निवृत्त आहे हे त्यांना अनेकदा सांगितलं आहे.

२८ जानेवारी, दुपार

ऐतिहासिक दिवस. चित्रपट दुसरा, रंगीत, गाण्यांचा. यात मुलीबरोबर कुत्रा आहे. तपकिरी, एक कान पडलेला. मध्यंतराच्या सुमारास मुलगी गाडी घेऊन पूल ओलांडते, कुत्रा अलीकडेच राहतो, भुंकतो, आणि ती परत फिरते!

मी उठून उभाच राहिलो. वकील म्हणाले, बसा हो, दिसत नाही.

म्हणजे उत्तर कुत्रा. दमली म्हणून नव्हे, भिऊन नव्हे, कुत्र्यासाठी. हिने इतकी वर्षं घातली आणि मला तिसऱ्या आठवड्यात सापडलं. बाहेरचा माणूस ताज्या नजरेने बघतो, हा त्यातला फायदा.

पहिल्या चित्रपटात कुत्रा दिसला नव्हता. प्रत फार खराब आहे, त्यामुळे असावं.

६ फेब्रुवारी

तिसरा आणि चौथा बघून झाले. तिसरा कार्टून आहे. त्यात गाढव बोलतं आणि कुत्रा गातो. मुलगी दोनदा परत फिरते, दोन्ही वेळा कुत्र्यासाठी. चौथा अलीकडचा. सगळा अंधार, सगळे कुजबुजतात. वकिलांनी आवाज पूर्ण वाढवला, तरी कुजबुजच, मोठी. त्यात कुत्रा मरतो आणि मुलगी त्याला पुरायला परत फिरते. वकील डोळे पुसत म्हणाले, सर्दी झाली आहे. मी पुसले नाहीत. मी नोंद घेत होतो.

चारही चित्रपटांत भाऊ सापडतो. गोष्ट आता तोंडपाठ आहे.

१५ फेब्रुवारी

लेखनाला सुरुवात. पहिलं वाक्य: ‘वरील विषयास अनुसरून नमूद करण्यात येते की, सदर मुलगी परत फिरण्यास सदर कुत्रा कारणीभूत असल्याचे प्रत्यक्ष पाहणीत आढळून आले.’ वाक्याला वजन आहे.

लेकीला फोनवर वाचून दाखवलं. ती खोकली. मग म्हणाली, बाबा, हे लिफ्ट बंद असल्याच्या नोटिशीसारखं वाटतंय. म्हटलं, नोटीस सगळ्यांना कळते, हा दोष आहे का? म्हणाली, आईचं एखादं प्रकरण वाचून बघा ना, ती कसं लिहायची ते तरी. म्हटलं, मुद्दामच वाचलेलं नाही. प्रभाव पडतो.

मग म्हणाली, इकडे या ना चार दिवस. म्हटलं, डेडलाईन आहे.

२ मार्च

प्रकरण पूर्ण. चार चित्रपटांतल्या कुत्र्यांचा तुलनात्मक तक्ता जोडला आहे: रंग, कान, मुलगी परत फिरल्याचा प्रसंग, निष्पत्ती. पहिल्या चित्रपटापुढे ‘प्रत खराब’ असा शेरा. असा तक्ता हिच्या आधीच्या प्रकरणांत असेल असं वाटत नाही. वाचली नाहीत, पण वाटत नाही.

फेब्रुवारी हुकला. दोन दिवसांचं काय एवढं.

संपादकांना पाठवलं. घरात एकदम शांत झालं. चहा केला. दोन कप केले, सवयीने. दोन्ही प्यायलो. वाया कशाला.

९ मार्च

संपादकांचं उत्तर. ‘अगदी वेगळ्या दृष्टीने लिहिलं आहे.’ कौतुकच म्हणायचं. पण पुढे लिहिलंय, बाईंच्या विद्यार्थिनीला वाचायला दिलं आहे.

म्हणजे चिमणी. स्वतः कॉलेजात शिकवते आता, एका मुलीची आई आहे, पण हिने ठेवलेलं नाव घरात अजून तेच आहे. दर शनिवारी यायची. दोघी आत बसून बोलायच्या आणि मधेच हसायच्या. कशाला हसता विचारलं तर ही म्हणायची, तुम्हाला नाही कळायचं, पुस्तकातलं आहे.

चिमणीला मुखपृष्ठावर नाव हवं असणार. स्वाभाविक आहे. तरुण आहे, पुढे जायचं आहे. मी राग धरलेला नाही.

१४ मार्च

चिमणी येऊन गेली. जसं झालं तसं लिहून ठेवतो.

आली ती हिच्या खोलीच्या दारापर्यंत गेली आणि तिथूनच वळून जेवणाच्या टेबलाशी बसली. पाणी प्यायली. म्हणाली, काका, तुम्ही फार मेहनत घेतली आहे. म्हटलं, हो. म्हणाली, तक्ता फार सुबक आहे. म्हटलं, पट्टीने आखला आहे. मग ती ग्लास फिरवत बसली. शेवटी मीच म्हणालो, काय असेल ते बोल, मी लिफ्टखाली काम केलेला माणूस आहे.

म्हणाली, काका, कादंबरीत कुत्रा नाही.

मी म्हटलं, असेल, नीट बघ. म्हणाली, नाही हो. कुत्रा दुसऱ्या चित्रपटवाल्यांनी घातला. लोकांना आवडला, म्हणून पुढच्यांनी ठेवला. मॅडमचं पाचवं प्रकरण सगळं त्या कुत्र्यावरच आहे. तो कुठून आला, का आला, सगळं. तुम्ही वाचलं नाही का?

म्हटलं, प्रभाव पडू नये म्हणून. ती हो म्हणाली. हिच्यासारखीच म्हणाली, म्हणजे पटलेलं नसताना.

मग विचारलं, कुत्रा नाही तर ती परत कशाला फिरते? म्हणाली, ते शेवटी, काका. अगदी शेवटी. शहर समोर दिसतं. कुणीतरी तिला सांगतं की अशा अशा टोपीचा माणूस पलीकडच्या गल्लीत राहतो. आणि ती गाडी वळवते. पुस्तक संपतं.

म्हटलं, आणि भाऊ?

म्हणाली, सापडत नाही. ती त्या गल्लीत जातच नाही.

मी म्हटलं, चिमणे, मी चारदा बघितलंय. चारदा सापडतो. म्हणाली, चित्रपटांत सापडतो, काका. सगळ्या चित्रपटांत. म्हणून तर मॅडमनी पुस्तक लिहायला घेतलं.

जाताना म्हणाली, मी मदत करू? म्हटलं, नको. गरज पडली तर कळवीन.

१५ मार्च

शांतपणे विचार केला. चार ठिकाणी भाऊ सापडतो आणि एका ठिकाणी सापडत नाही. चार विरुद्ध एक. कुठल्याही खात्यात हा निकाल मान्य झाला असता. चार वेगवेगळ्या वेळच्या, वेगवेगळ्या माणसांनी, एकमेकांना न विचारता शोधून काढला. कादंबरी लिहिणाऱ्याचंच कुठेतरी चुकलं असेल. माणूसच तो. घाईत असेल.

वकिलांना विचारलं. म्हणाले, साहेब, साक्षीदार चार असले तरी मूळ दस्त एकच असतो. आणि मग म्हणाले, पण हो, सापडायला हवा होता बिचारा. इतकं लांब गेली ती पोर.

आमचं एकमत झालं. मुद्दा पुढे सरकला नाही.

१७ मार्च

कादंबरी वाचणार. आता माघार नाही. उद्यापासून, सकाळी, ताज्या डोक्याने.

१८ मार्च

पाहुणे नाहीत, फोन नाही, प्रकाश भरपूर. ‘हं!’पर्यंत गेलो. पेन्सिलीमुळे लक्ष विचलित होतं. बिनपेन्सिलीची प्रत हवी. दुकानातून नवी आणतो. शास्त्रीय पद्धतही तीच आहे.

२० मार्च

नवी प्रत आणली. गुळगुळीत, मोठं अक्षर, मधे मधे रंगीत चित्रं. चष्मेवाल्याकडे उगाच गेलो. दोन बैठकांत वाचून संपवली. भाऊ सापडतो! कुत्राही आहे!

चिमणीला ताबडतोब फोन केला. म्हटलं, तुझी प्रत सदोष दिसते. ती म्हणाली, काका, मुखपृष्ठावर काय आहे? म्हटलं, मुलगी, गाढव, कुत्रा. म्हणाली, मुलगी त्या चौथ्या सिनेमातली आहे का? बघितलं. होती. म्हणाली, मग ती चित्रपटावरून परत लिहून काढलेली आवृत्ती आहे. आतल्या पानावर छापलं असेल.

छापलं आहे. फार बारीक अक्षरात.

दुकानदाराकडे तक्रार करायला गेलो. म्हणाला, साहेब, मूळचं कुणी मागत नाही. मुलांना चालतं, पण घेऊन देणाऱ्यांना शेवट आवडत नाही.

२६ मार्च

हिचीच प्रत. दुसरा इलाज नाही. रोज वीस पानं, म्हणजे मुदतीच्या बरंच आधी हातात निकाल.

आज चार पानं. समाधानकारक सुरुवात.

३१ मार्च

वेग बसतोय. काही नोंदी. भाऊ रात्रीत घर सोडतो तिथे हिने लिहिलंय: ‘आई उठली नाही? की उठली आणि पडून राहिली?’ जत्रेत मुलगी हरवल्यासारखी होते तिथे: ‘वर्गात इथे सगळे गप्प बसतात.’ एका ठिकाणी नुसतंच: ‘दूध आणायचं.’

त्या दिवशी दूध कुणी आणलं ते आठवेना.

संध्याकाळी लक्षात आलं की आजच्या पानांवरचं पेन्सिलीतलं सगळं वाचून झालं, छापलेलं वाचायचं राहिलं. उद्या दोन्ही एकदम वाचायचं.

८ एप्रिल

पेन्सिलीपुरता अर्ध्याच्या पुढे आलो आहे. छापलेलं मागाहून सलग वाचता येईल. ते कुठे पळून जात नाही.

लेकीचा फोन. म्हणाली, आवाज बरा वाटतोय. म्हटलं, वाचन चालू आहे. म्हणाली, काय वाचलंत आज? म्हटलं, एके ठिकाणी तुझी आई लिहिते, ‘हे ह्यांना विचारायचं: दोर तुटला तर गाडी किती मागे जाईल?’ म्हणाली, मग? विचारलं होतं का तिने? म्हटलं, नाही. किंवा विचारलं असेल. मी हूं म्हटलं असेन.

ती म्हणाली, आता सांगा ना. मी उतार, वजन, चाकाचा व्यास सगळं विचारात घेऊन सांगितलं. शेवटपर्यंत ऐकून घेतलं तिने. हे समासात लिहून ठेवावं असं वाटलं, पण जागा कमी होती.

१७ एप्रिल

शेवटचं पान. इथे हिने कारण लिहिलेलं असणार, हे मला आठवडाभर माहीत होतं. म्हणून घाई केली नाही.

शेवटच्या पानावर पेन्सिल नाही. समास कोरा. मागचं कोरं पानही बघितलं, उजेडासमोर धरून.

मग वाचायला दुसरं काही नव्हतं म्हणून छापलेलं वाचलं. मुलगी शहराच्या वेशीवर उभी राहते. माणूस सांगतो, त्या टोपीचा एक जण पलीकडच्या गल्लीत राहतो. ती त्याचे आभार मानते. गाडी वळवते. संपलं.

असं कुणी करतं का? दोन पावलांवर आलं असताना? मी तर गल्लीतली सगळी दारं ठोठावली असती. परत परत ठोठावली असती.

२१ एप्रिल

लेखन. ‘ती परत फिरते, कारण’. स्वल्पविरामापर्यंत समाधानकारक.

२४ एप्रिल

‘कारण’च्या पुढे काही पर्याय लिहून बघितले आणि खोडले. पाया पक्का झाला आहे. संपादकांकडे थोडी मुदत मागितली. ते फार हळू बोलले. म्हणाले, साहेब, यंदा नाही झालं तर पुढच्या वर्षी काढूच असं मला सांगता येणार नाही. आमच्याकडेही माणसं बदलतात.

म्हटलं, बाईंची नऊ प्रकरणं तशीच छापा. म्हणाले, अहो, नववंही अर्ध्यावरच आहे. तुम्हाला ठाऊक नाही का?

जवळजवळ पूर्ण आहे असं मी समजत होतो. पानं मोजली नव्हती.

२९ एप्रिल

चिमणीला बोलावलं. तात्पुरतं. कागद तपासून द्यायला.

हिच्या खोलीतलं खोकं तिनेच बाहेर आणलं. मी दारात उभा राहून कुठली फाईल कुठे ते सांगत होतो. मला ठाऊक नव्हतं, पण तिला सापडत होतं. कादंबरीची प्रत देताना म्हटलं, जपून, पेन्सिल पुसते. म्हणाली, काका, ही तुमच्याकडेच राहू दे, माझ्याकडे आहे.

मग म्हणाली, काका, माझं नाव नको. मॅडमचंच राहू दे. मला मनापासून चालेल.

मला फार बरं वाटलं. म्हणजे काम झालं! चिमणीबद्दल उगाच वाईट विचार केला. मी उठून चहा ठेवायला गेलो. आतून तिचा आवाज आला. म्हणाली, फक्त एक सांगा. उद्या कुणी विचारलं की मॅडमनी हे असं का म्हटलं, तर मी काय सांगू? मॅडमनी ते म्हटलेलंच नसेल. त्यांनी तोपर्यंत ठरवलं नव्हतं, काका. मला त्या शेवटच्या शनिवारीही म्हणाल्या, अजून कळत नाही गं.

यावर माझ्याकडे उत्तर आहे. आठवलं की इथे लिहीन.

चहा तिला दिला. म्हटलं, नाव घाल. खाली. लहान अक्षरात.

ती रडली. मी डबा उघडून बिस्किटं किती उरली ते बघितलं.

३ मे

वेळ बराच मोकळा झाला आहे. सकाळी फिरायला जायचं, स्वयंपाकातली दोन-चार कामं शिकायची, इमारतीची लिफ्ट एकदा नजरेखालून घालायची. टेबलही मोकळं आहे. बरं दिसतं.

१९ मे

लिफ्ट दुरुस्तीवाले आले होते. खाली जाऊन ओळख सांगितली. त्यांच्यातला मोठा म्हणाला, आजोबा, जरा बाजूला उभे राहता का? चालू झाली. आता ती दुसऱ्यावर थांबत नाही, थेट वर जाते. वकील म्हणाले, प्रगती आहे.

फिरणं पुढच्या महिन्यापासून. उकडतं.

३० जून

चिमणीचा फोन. प्रकरण पूर्ण झालं. वाचायला पाठवू का म्हणाली. म्हटलं, एकदम पुस्तकच वाचीन. म्हणाली, नक्की? म्हटलं, मला सलग वाचायला आवडतं.

११ सप्टेंबर

पुस्तक आलं. मुखपृष्ठावर गाढवाची गाडी, पाठमोरी. कुत्रा नाही. वर हिचं नाव. खाली चिमणीचं, लहान अक्षरात, मी सांगितलं तसं. लेकीला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन आला. बराच वेळ दोघंही बोललो नाही. या वेळी लाईन चांगली होती.

आभाराच्या पानावर मी आहे. ‘चित्रपटांच्या तबकड्या कालक्रमाने लावून दिल्याबद्दल.’

आजपासून वाचायला घेतलं आहे. पहिल्या पानापासून.

२५ सप्टेंबर

वाचून झालं. एकही ओळ सोडली नाही. प्रस्तावनेत लिहिलंय की नववं आणि दहावं प्रकरण टिपणांच्या आधारे पूर्ण केलं आहे. नववं कुठून पूर्ण केलं ते लिहिलेलं नाही. ही कुठवर आहे ते मी शोधत होतो. नववं प्रकरण दोनदा वाचलं, पुन्हा सावकाश वाचलं. कुठे धक्का लागत नाही, कुठे आवाज बदलत नाही.

मग एक वाक्य सापडलं. ‘भाऊ सापडला नाही म्हणून मुलं रडत नाहीत. ती विचारतात, मग गाढवाला पाणी कुणी दिलं?’

हे हिचं. शंकाच नाही. ही अशीच बोलायची, भांडी लावता लावता, अर्धं माझ्याशी आणि अर्धं स्वतःशी. वाचताना कानात ऐकूच आली. खाली पेन्सिलीने रेघ मारली. दोनदा मोठ्याने वाचलं. म्हणजे नवव्याच्या इतक्या पुढेपर्यंत ही होती. संपादक उगाच अर्ध्यावर म्हणत होते.

हे चिमणीला सांगावं म्हणून फोन केला. वाक्य वाचून दाखवलं. म्हटलं, बघ, इथवर आहे तुझी मॅडम.

चिमणी म्हणाली, काका, ते माझं आहे. माझ्या लेकीने विचारलं होतं, मी गोष्ट वाचून दाखवली तेव्हा.

छान लिहिलं आहेस, म्हणालो. फोन ठेवला.

म्हणजे त्याच्या आधीचं सगळं हिचं असणार.